जड गोळी भरताना

वाचक विचारतात

गेल्या दोन महिन्यांच्या टपालात एकच विषय पुन्हा पुन्हा आला: ९.३ × ६२, .३५ व्हेलन, .३७५ एच अँड एच अशा मधल्या बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) शिकारी रायफलसाठी जड गोळीची काडतुसं घरी कशी भरायची. म्हणून हा अख्खा अंक त्यालाच दिला. लिहिणारे सगळे परवानाधारक आहेत आणि त्यांच्याकडे घरी काडतुसं भरायला मुभा आहे, हे धरूनच उत्तरं देतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. पावडर किती ग्रेन (एक ग्रॅम म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रेन) घालायची, तो आकडा मी या पानावर छापत नाही. मागच्या वेळी दोघांनी त्यावरून नाराजीही कळवली. पण माझी नळी, माझ्या पुंगळ्या (काडतुसाचं पितळी कवच) आणि माझ्या डब्यातली पावडर तुमच्याकडे नाही. तो आकडा पावडर आणि गोळी बनवणाऱ्यांच्या चालू मॅन्युअलमधूनच घ्यायचा. बाकी जे मला येतं ते सगळं सांगतो.

प्रश्न: माझी रायफल ९.३ × ६२ ची आहे. चार वर्षं २३२ ग्रेनची गोळी भरतोय, ग्रुप (कागदावर भोकांचा घोळका) छान येतो. आता रानडुक्कर आणि मोठ्या हरणांसाठी २८६ ग्रेनवर जायचंय. तीच पावडर थोडी कमी करून घातली तर चालेल ना? आणि वेग जास्तीत जास्त किती काढता येईल?

उत्तर: नाही चालणार. गोळी बदलली की वही नव्या पानावर उघडायची. जुन्या भरणीतून ‘थोडी कमी’ असा हिशेब करता येत नाही, आणि का करता येत नाही ते नीट समजून घ्या.

पावडर पेटली की गॅसला पसरायला जागा लागते. ती जागा गोळी पुढे सरकली की तयार होते. हलकी गोळी चटकन सरकते. जड गोळी हलायला वेळ घेते, आणि तेवढ्या वेळात दाब चढलेला असतो. हे बहुतेकांना ठाऊक असतं. विसरलं जातं ते पुढचं. व्यास तोच असल्यामुळे वाढलेलं वजन गोळीच्या लांबीत जातं. मॅगझिनची लांबी ठरलेली, म्हणून काडतूस बाहेरच्या बाजूला लांब करता येत नाही. मग ती जादा लांबी पुंगळीच्या आत शिरते. ९.३ मिलिमीटर व्यासाची गोळी एक मिलिमीटर आत बसली की साधारण ०.०६८ घनसेंटिमीटर जागा खाते. या पुंगळीत एकूण जागाच पाच घनसेंटिमीटरच्या आसपास. तीन मिलिमीटर आत गेली तर चार टक्के जागा गेली. म्हणजे गोळी सावकाश हलणार आणि गॅसला खोलीही लहान मिळणार. दोन्ही गोष्टी दाब एकाच दिशेला ढकलतात.

बर्लिनच्या ऑटो बोक यांनी १९०५ साली हे काडतूस बांधलं, ते साध्या माउझर ९८ रायफलच्या अॅक्शनमध्ये, म्हणजे बोल्टच्या यंत्रणेत, बसावं म्हणून. २८६ ग्रेन, म्हणजे साडेअठरा ग्रॅम, हीच त्याची मूळची ओळखीची गोळी. त्यामुळे रायफलवर तुम्ही काही जगावेगळं लादताय असं नाही. उलट ज्या वजनासाठी हे काडतूस जन्माला आलं तिकडेच निघालाय. फक्त नव्याने निघा.

जड गोळीला एक पायरी संथ जळणारी पावडर लागते. २८६ च्या तक्त्यांत रीलोडर १५, वार्गेट, एन१४० ही नावं नेहमी दिसतात. निदान दोन मॅन्युअलं शेजारी ठेवा आणि ज्याची सुरुवातीची भरण कमी आहे तिथून सुरू करा. तिच्याखाली मात्र जाऊ नका. मोठ्या पुंगळीत संथ पावडर अर्धवट भरली तर ती विचित्र जळते, आणि ‘कमी म्हणजे सुरक्षित’ हा समज तिथे खोटा ठरतो. तिथून अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने वर चढा. प्रत्येक पायरीला तीन काडतुसं पुरेत. प्रत्येक बार गोळीचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवरून जाऊ द्या आणि प्रत्येक पुंगळी हातात घेऊन बघा.

काय बघायचं? बोल्ट उचलताना जड लागतोय का. प्रायमरच्या (पुंगळीच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीच्या) कडा पसरून खोबणीला चिकटल्यात का. नवा प्रायमर बसवताना बोटाला सैल लागतोय का. पण या खुणांवर विसंबून वर चढत राहू नका, कारण त्या उशिरा दिसतात. काडतुसांची मापं आणि दाब ठरवणाऱ्या सीआयपी या आंतरराष्ट्रीय संस्थेने या काडतुसाला ३९०० बार दाबाची मर्यादा घातली आहे, आणि बहुतेक वेळा ती ओलांडून बरंच पुढे गेल्यावरच पितळ बोलायला लागतं. माझा खरा भरवसा क्रोनोग्राफवर. मॅन्युअलमधल्या कमाल भरणीला जो वेग दिलाय तो तुमच्या रायफलमध्ये दोन ग्रेन आधीच आला, तर तुमची कमाल भरण तीच. वेग फुकट मिळत नाही. तो आला म्हणजे दाबही आला.

माझ्या हातून एकदा काय झालं ते सांगतो. २८६ ची एक भरण मी थंडीच्या सकाळी बसवली होती. बोल्ट सुरळीत, प्रायमर गोल, सगळं ठीक. मग भर उन्हाळ्यात दुपारी रेंजवर गेलो. काडतुसांची डबी तासभर टेबलावर उघड्या उन्हात होती, माझ्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या बारानंतर बोल्ट बोटांनी उचलेना, तळहाताने मारून उघडावा लागला. पुंगळी बाहेर काढली तर बुडावर, कंपनीच्या नावाच्या एका अक्षरावर, पुंगळी बाहेर फेकणाऱ्या इजेक्टर पिनेच्या भोकाएवढा चकचकीत गोल उमटलेला. अक्षराची कड तिथे पुसली गेली होती. दाबाने पितळ त्या भोकात शिरलं होतं आणि बोल्ट फिरताना घासलं होतं. पावडर तीच, वजन तेच, फक्त ती तापलेली होती. उरलेली अठरा काडतुसं तशीच घरी आणली, गोळ्या उपसल्या आणि एक ग्रेन खाली आलो. ती पुंगळी मी काडतुसं भरायच्या प्रेसशेजारी खिळ्याला टांगून ठेवली आहे. तेव्हापासून कोणतीही भरण गरम दिवशी तपासल्याशिवाय मी कायम करत नाही, आणि डबी सावलीत, पिशवीत, झाकण लावून असते.

आता वेग. कारखान्याची २८६ ग्रेनची काडतुसं सेकंदाला ७२० मीटरच्या आसपास, म्हणजे २३६० फूट असा वेग सांगतात. तुम्हाला ७०० मिळाले आणि ग्रुप चांगला आला तर तिथेच थांबा. ७०० आणि ७२० मधला फरक दीडशे मीटरवर गोळीच्या घसरणीत दीडेक सेंटिमीटर येतो. कुठलंही जनावर तेवढ्याने हातचं जात नाही. त्या वीस मीटरसाठी दाबाच्या टोकाला उभं राहण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

प्रश्न: माझा डिजिटल काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. ग्रेनचा वेगळा काटा घ्यायलाच हवा का?

उत्तर: हो, आणि तो येईपर्यंत भरणं थांबवा. एक ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. म्हणजे तुमच्या काट्याची एक पायरीच दीड ग्रेनची आहे. वर मी अर्ध्या ग्रेनने चढायला सांगितलं, ती पायरी या काट्याला दिसणारच नाही. ०.१ ग्रेनपर्यंत अचूक दाखवणारा काटा घ्या, सोबत चेक वेट, म्हणजे काटा तपासायचं नेमकं वजन, घ्या, आणि दर दहा काडतुसांनंतर ते वजन ठेवून बघा. मी बीम बॅलन्सही बाजूला ठेवतो. पंख्याचा वारा किंवा खिडकीची झुळूक डिजिटल काट्याला पुरते. एका संध्याकाळी माझा काटा पाऊण ग्रेनने सरकला होता, आणि चेक वेट ठेवलं नसतं तर मला कळलंही नसतं. त्या खेपेच्या चाळीसच्या चाळीस पुंगळ्या मी रिकाम्या केल्या.

प्रश्न: माझ्या .३५ व्हेलनच्या नळीला, गोळीला गिरकी देणारा, १६ इंचाला एक फेरा असा पीळ आहे. २५० ग्रेनची पूर्ण तांब्याची गोळी भरली. शंभर मीटरवर ग्रुप वीतभर पसरतो, आणि थंडीत तर कागदावर भोकं लांबट पडली. पावडर तीन वेळा बदलली. वेग वाढवला तर सुधारेल का?

उत्तर: पावडरवर आणखी पैसे घालवू नका. तुमची गोळी हवेत डोलते आहे, आणि दोष नळी व गोळी यांच्या जोडीत आहे.

पिळाला गोळीचं वजन कळत नाही, तिची लांबी कळते. लांब गोळी तोंड पुढे ठेवून जायला जास्त गिरकी मागते. सर आल्फ्रेड ग्रीनहिल यांनी १८७९ साली यासाठी एक साधा हिशेब दिला, तो अजून कामाला येतो: व्यासाचा वर्ग करा, त्याला १५० ने गुणा, पिळाच्या लांबीने भागा, म्हणजे ती नळी किती लांबीची गोळी सांभाळेल ते मिळतं. तुमच्यासाठी ०.३५८ चा वर्ग गुणिले १५०, भागिले १६. उत्तर १.२ इंच, म्हणजे साडेतीस मिलिमीटर. पण हा हिशेब शिशाच्या गाभ्याच्या गोळीचा. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे मर्यादा आणखी खाली येते, साधारण २८ मिलिमीटर. तुम्ही पत्रात गोळीची लांबी ३७ मिलिमीटर दिली आहे.

ग्रीनहिलचा नियम सावध आहे, त्याच्या थोडं पलीकडे गेलेल्या गोळ्याही पुष्कळदा नीट उडतात. म्हणून मी डॉन मिलर यांच्या सूत्रानेही करून बघितलं. त्यात स्थिरतेचा आकडा निदान १.४ असावा, १ च्या खाली गोळी कोलमडते. तुमचा आकडा १.१ च्या आत-बाहेर येतो. थंड हवा दाट असते, तिथे तो १ ला टेकतो. थंडीतल्या लांबट भोकांचं कोडं तिथेच सुटलं.

वेग वाढवून या आकड्यात फारच थोडी भर पडते. पाच टक्के वेग वाढला तर तो दीड-पावणेदोन टक्क्यांनी वाढतो. त्यासाठी दाब वाढवू नका. त्याच २५० ग्रेनची शिशाच्या गाभ्याची, बोथट नाकाची गोळी घ्या. ती पाच-सहा मिलिमीटर तरी आखूड भरेल आणि या नळीतून सरळ जाईल. तांबंच हवं असेल तर २०० ग्रेनच्या आसपासची गोळी बघा. तांब्याची हलकी गोळी वजन टिकवून आत शिरते, त्यामुळे तुमचं नुकसान वाटतं तेवढं नाही. घेण्याआधी मात्र गोळीची लांबी विचारा. बरेच विक्रेते फक्त वजन सांगतात.

प्रश्न: ९.३ ची २८६ ग्रेन आणि .३७५ ची ३०० ग्रेन. ३०० वाली जास्त आत शिरते असं मित्र म्हणतात. खरं काय?

उत्तर: गोळीचं पौंडातलं वजन तिच्या इंचातल्या व्यासाच्या वर्गाने भागलं की सेक्शनल डेन्सिटी मिळते, म्हणजे प्रत्येक चौरस इंचामागे किती वजन उभं आहे त्याचं माप. ९.३ ची २८६ ग्रेन: ०.३०५. .३७५ ची ३०० ग्रेन: ०.३०५. अगदी बरोबरीत. गंमत वाटेल, पण ७ × ५७ ची जुनी १७३ ग्रेनची लांब गोळीही ०.३०६ भरते. डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेत एवढ्याशा बोअरने हत्ती मारले ते याच आकड्याच्या आणि न उघडणाऱ्या गोळीच्या बळावर. हत्तीची कवटी कापून मेंदू नेमका कुठे असतो ते त्यांनी अभ्यासलं होतं, हेही तितकंच महत्त्वाचं. ते वाचून लहान बोअरची रायफल मोठ्या जनावरावर रोखणाऱ्यांनी निदान तेवढा अभ्यास तरी आधी करावा.

पण हा आकडा जनावराला लागेपर्यंतचा. उघड्या शिशाच्या टोकाची सॉफ्ट पॉइंट गोळी उघडली की व्यास वाढतो, तुकडे उडाले तर वजन घटतं, आणि कागदावरचा हिशेब संपतो. तिथे बांधणी कामाला येते. जॉन नोस्लर यांच्या गोळ्या १९४६ साली एका चिखलाने माखलेल्या मूसवर (थोराड हरणावर) फुटल्या आणि आत शिरल्याच नाहीत. त्यातून त्यांनी मधे भिंत असलेली पार्टिशन गोळी बनवली आणि १९४८ पासून विकायला काढली. पुढचा भाग फुलतो, भिंतीमागचा भाग शाबूत राहून आत जात राहतो. तेव्हा मित्रांना सांगा, २८६ आणि ३०० मध्ये वाद घालण्यासारखं काही नाही. गोळी कशी बांधली आहे, आणि तुमच्या अंतरावर जो वेग उरतो त्या वेगाला ती उघडते का, हे विचारा. फार मंद वेगाला कडक गोळी न उघडता आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन दूरवर जातं. ते होऊ नये यासाठीच तर आपण एवढा खटाटोप करतो.

प्रश्न: .३७५ एच अँड एच, ३०० ग्रेनची गोळी. मॅगझिनमध्ये तळाला राहिलेलं काडतूस बाहेर काढलं तर ते आखूड झाल्यासारखं वाटलं. भास असेल का?

उत्तर: भास नाही. तुमची नजर चांगली आहे, आणि तुम्ही हे पत्र लिहिलंत याचा मला मनापासून आनंद झाला.

बार झाला की रायफल मागे उडते आणि मॅगझिनमधली काडतुसं आपल्या जागी राहू बघतात. मॅगझिनची पुढची भिंत त्यांच्या नाकावर आदळते. गोळी जेवढी जड आणि धक्का जेवढा मोठा, तेवढा हा फटका मोठा. पुंगळीच्या मानेने गोळी घट्ट धरली नसेल तर ती दर बाराला थोडी थोडी आत ढकलली जाते. आत गेली म्हणजे पहिल्या उत्तरातली गोष्ट पुन्हा आली: जागा कमी, दाब जास्त. आणि तेही शेवटच्या काडतुसात, जे बहुधा घाईच्या वेळी लागतं.

असं तपासा. तळाला जाणार त्या काडतुसाच्या बुडावर मार्करने ठिपका द्या. व्हर्नियरला कंपॅरेटर लावून त्याची लांबी मोजा, बुडापासून गोळीचं नाक निमुळतं होतं त्या उतारापर्यंत. टोकापर्यंत मोजू नका, कारण शिशाचं टोक चेपतं आणि माप फसवतं. ते तळाला ठेवा, वर बाकीची भरा, वरची तीन उडवा, मग तळाचं बाहेर काढून पुन्हा मोजा. मी टूलरूममध्ये पस्तीस वर्षं मायक्रोमीटर धरला आहे, मोजण्यात मी चुकत नाही असा माझा विश्वास होता. माझ्या .३७५ मध्ये पहिल्यांदा हे केलं तेव्हा तळाचं काडतूस ०.८ मिलिमीटरने आखूड झालं होतं. चुकलो असेन म्हणून तीन वेळा मोजलं. गोळीभोवती कोरलेली करवती खाच, जी मानेच्या कडेला टेकलेली असायची, ती निम्मी आत गेलेली होती. त्याआधी दोन वर्षं मी ती भरण बिनघोर वापरत होतो.

उपाय तीन, आणि क्रमही हाच. पहिला, मानेची पकड. साइझ केलेल्या मानेचा आतला व्यास गोळीपेक्षा निदान दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लहान हवा. मान आतून रुंद करणारा एक्सपांडर जाड असेल तर तो प्लेटवर ठेवलेल्या बारीक एमरी कागदावर गोल फिरवून एक थाऊ उतरवा. माझा मूळ दोष तिथेच निघाला. दुसरा, क्रिंप. करवती खाच असलेली गोळी घ्या आणि मानेची कड त्या खाचेत हलकी वळवा. त्यासाठी सगळ्या पुंगळ्या एकाच लांबीला ट्रिम केलेल्या हव्यात, नाहीतर लांब पुंगळीला क्रिंप जास्त बसतो आणि तिचा खांदा फुगतो. तसं काडतूस चेंबरमध्ये अडकतं. तिसरा, गोळी नुसतीच बाहेर ठेवून तिचं नाक नळीतल्या पिळाच्या कडांना टेकवू नका. नेमबाजी स्पर्धावाले तसं करतात, पण शिकारीच्या रायफलमध्ये त्याने दाब उसळतो, आणि न उडवलेलं काडतूस बाहेर काढताना गोळी नळीत अडकून पावडर अॅक्शनमध्ये सांडू शकते.

आणि पावडर-प्रायमर नसलेली चार नकली काडतुसं याच मापाने बनवा. ती ओळखू यावीत म्हणून पुंगळीला आडवं भोक पाडून ठेवा. मॅगझिनमध्ये भरून बोल्ट जोरात, हळू, रायफल वाकडी धरून, सगळ्या तऱ्हांनी चालवा. बोथट नाकाची लांब गोळी काही रायफलमध्ये चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर अडखळते. ते घरी कळलेलं बरं.

प्रश्न: एकाच भरणीचा तीन बारांचा ग्रुप एकदा १२ मिलिमीटर आला, पुढच्या आठवड्यात ३५. दोन्ही शंभर मीटरवर. यातलं खरं कोणतं धरू?

उत्तर: दोन्ही खरे. एकटा कोणताही पुरेसा नाही.

तीन बारांच्या ग्रुपची सरासरी २३–२४ मिलिमीटर असलेल्या रायफलला कधी १२ आणि कधी ३५ येणं अगदी साहजिक आहे. तीन बार फार थोडं सांगतात. त्याच रायफलने, त्याच भरणीने दहा बार टाकले तर ग्रुप सरासरीने तीन बारांच्या दीडपटीहून थोडा जास्त, १.६ पट भरतो. म्हणून अर्ध्या ग्रेनच्या शिडीवर एका पायरीला ग्रुप लहान आला, दुसरीला मोठा, एवढ्यावरून ‘इथे रायफल खूश आहे’ असं ठरवणारी पुष्कळ मंडळी मी बघतो. पुढच्या आठवड्यात तीच पायरी रुसते. शिडी दाब आणि वेग तपासायला वापरा. अचूकता ठरवायची तर निवडलेल्या एक-दोन भरणींचे निदान दहा बार एकत्र मोजा.

जड गोळीला हे एका बैठकीत करू नका. बारा-पंधरा बारांनंतर खांदा धक्क्याची वाट बघायला लागतो आणि चाप ओढायच्या आधी डोळा मिटतो. मग आपण पावडर न तपासता स्वतःची भीती तपासत असतो. पाच आज, पाच पुढच्या खेपेला, आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरा.

मी शेवटची परीक्षा वेगळी घेतो. शिकारीत बार बहुधा एकच मिळतो, आणि तोही थंड नळीतून. म्हणून एकच कागद घ्यायचा, शंभर मीटरवर लावायचा, आणि रेंजवर गेल्या गेल्या थंड नळीतून त्यावर एकच बार टाकायचा. शेजारी पेन्सिलीने तारीख लिहायची आणि कागद काढून घ्यायचा. दहा खेपा असं करायचं. माझ्या २८६ च्या भरणीचा असा कागद पूर्ण व्हायला पाच महिने लागले. त्यात नऊ भोकं तळहाताखाली झाकली जात होती. आठवं चार सेंटिमीटर खाली होतं. काडतूस त्याच डबीतलं, हवा शांत, माझा नेमही मला बरा वाटला होता. दोन दिवस डोकं खाजवल्यावर वही चाळली तेव्हा सापडलं: आदल्या रात्री मी नळी साफ करून तेलाचा हात फिरवून ठेवली होती. बाकी नऊ बार न पुसलेल्या, कोरड्या नळीतून गेले होते. आता निघण्याआधी मी नळीतून दोन कोरडी फडकी काढतो आणि रेंजवर एक बार टाकूनच रायफल शिकारीला नेतो. दुसरा कागद त्या पद्धतीने केला, त्याची दहाही भोकं तळहाताखाली मावली.